न मरणारी मेंढी

कुऱ्हाड, धनुष्य, पेटती मशाल.

कपाळावर चढवलेला चष्मा, जो मघापासून टेबलभर शोधला जातोय.

पुठ्ठ्याचा मेंढीचा मुखवटा. खुर्चीच्या पाठीला अडकवलेला, एक कान दुमडलेला.

एक कडा, ज्याच्यावरून पडलं की काहीही मरतं.

फाटकाबाहेरच्या घोषणा. बंद काचेतून त्यांचं फक्त यमक आत येतं.

हे सगळं एकाच दुपारचं. थोरली बहीण व्हिडिओ गेमच्या कंपनीत टेस्टर. गेम लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हे तिचं काम. धाकटी प्राणीहक्कवाल्यांच्या संघटनेत. कंपनीच्या गाजलेल्या गेममध्ये लोक गंमत म्हणून मेंढ्या मारतात, ते बंद करा, म्हणून तिने वर्षभर त्याच फाटकाबाहेर मुखवटा घालून घसा फोडला होता. शेवटी कंपनी नमली. नव्या अपडेटमध्ये मेंढी मरणार नव्हती. तशी खात्री करून घ्यायला संघटनेने धाकटीलाच आत पाठवलं होतं.

आता मेंढी मरत नाही हे दाखवायचं, तर तिला मारून बघावं लागतं. सकाळपासून थोरली तेच करत होती.

"हळू ना गं, ताई."

"हळू मारून काय कळणार?"

कुऱ्हाड झाली. बाण झाले. कड्यावरून ढकलून झालं. मेंढी दर वेळी ओरडायची, अंग झटकायची आणि पुन्हा चरायला लागायची. धाकटी आधी डोळ्यांवर हात धरून बसली होती, मग बोटांच्या फटीतून बघायला लागली. कड्यानंतर तर तिने टाळीच वाजवली.

"लहानपणी माझ्या बाहुल्यांचं हेच करायचीस."

"तेव्हा पगार मिळत नव्हता," थोरली म्हणाली आणि मशाल उचलली.

मेंढी पेटली. किंचाळत पळाली, कुंपणाला धडकून थांबली आणि किंचाळत राहिली. दोघी वाट बघत बसल्या.

"विझेल ना?"

"विझायला हवी."

विझली नाही. थोरलीने तिला ओढ्यात ढकललं. मेंढी गळाभर पाण्यात उभी राहून जळत राहिली. थोरलीने कपाळाला हात लावला. हाताला चष्मा लागला.

"काय झालं?"

"आधी जनावर मेलं की आग विझायची. प्रोग्राममध्ये आग तशीच लिहिली होती. यांनी मरणं काढून टाकलं. आगीकडे कोणी बघितलंच नाही."

"मग विझणार कधी?"

"मेल्यावर."

टीमलीडने दारातून डोकं आत घातलं. "झालं का गं? सहाला अपडेट सोडायचंय. बाहेरच्यांनी डोकं उठवलंय माझं."

"आगीत चूक सापडलीय," थोरली म्हणाली. "दुरुस्तीला दोन-चार दिवस द्या."

"आज नाही गेलं तर तीन महिन्यांनी. तोवर जुनं आहे तेच चालेल." तो धाकटीकडे वळला. "मॅडम, मग बाहेर तुम्हीच सांगा काय ते." तो गेला. पावलं मात्र फार लांब गेली नाहीत.

बाहेरच्यांना धाकटी सकाळी सांगून आली होती, येईन ती जिंकूनच.

"ताई, आज थांबवलं तर तीन महिने मेंढ्या मरत राहणार?"

"हो."

"आणि सोडलं तर?"

थोरलीने पडद्याकडे बोट केलं.

धाकटीने बोटाच्या दिशेने बघितलं. मग म्हणाली, "पण तिला दुखत थोडंच असणार? चित्र आहे ते."

"हे मी तुला वर्षभर सांगतेय."

धाकटी यावर एरवी उसळली असती. दोघींची जेवणाची ताटं याच वाक्यावरून कितीदा तरी अर्धी राहिली होती. आज तिने फक्त खुर्ची पडद्याजवळ ओढली. थोरलीला आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटेना. उलट तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपलीच बोटं बटणं दाबत मेंढीला झाडाच्या सावलीकडे ढकलतायत. कशाला? सावलीने काय होणार होतं?

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मार ना तिला."

"अगं, सकाळपासून काय करतेय मी?"

"तसं नाही. आधी मरायची तसं. एकदाच."

"ते तूच काढायला लावलंस ना, बाई!"

"मग कॉम्प्युटर बंद कर."

"करते. पण बंद केलं म्हणजे ती मरत नाही. नुसती नसते. चालू केलं की इथेच. अशीच."

"नसते म्हणजे?"

थोरलीचा हात बंद करायच्या बटणाशी थांबला. रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटर बंद करून घरी जायची, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"बोला," टीमलीड पुन्हा दारात. "सोडू?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं, धाकटीने थोरलीकडे. लहानपणी काही फुटलं की आईसमोर दोघी अशाच उभ्या राहायच्या.

"सोडा?" धाकटी म्हणाली. ते विचारणंच होतं. टीमलीडने तो होकार धरला. थोरलीने 'पास'चं बटण दाबलं. का, ते तिला कोणी विचारलं नाही.

थोड्या वेळाने फाटकाबाहेर एकच जल्लोष झाला. कोणीतरी धाकटीचं नाव घेऊन जयजयकार करत होतं. धाकटी उठली, पुन्हा बसली. मग हात लांब करून तिने स्पीकरचा आवाज पार बंद केला. पडद्यावर मेंढीचं तोंड उघडत-मिटत राहिलं.

गेमच्या पहिल्या आवृत्तीत मेंढ्या नव्हत्याच. कुरण फार रिकामं दिसतं असं कोणीतरी म्हणालं, म्हणून त्या मागाहून घातल्या.