कॅमेऱ्यातली हेमाली

"आज दिसली का रे?" नलूमावशीनं टोपली ओट्यावर उतरवली आणि ती खिडकीशी टेकली.

निमेशनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. सकाळीच कंपनीचं पत्र आलं होतं. कंपनी सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर बनवायची, निमेश तिथला डेव्हऑप्स, म्हणजे सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर. त्याचं काम आता एक प्रोग्रामच करणार होता आणि संध्याकाळी पाचला त्याचा पासवर्ड बंद होणार होता. चार वर्षं केळव्यात घरी बसून तो इमानेइतबारे राबला, पण मेल्यांनी साधा फोनही केला नाही. तरी त्याला घोर लागला होता तो नोकरीचा नव्हे. मावशीला आता काय सांगायचं?

नलू सुकी मासळी विकायची. दर शुक्रवारी बोंबील, सोडे विकून झाले की निमेशच्या ओट्यावर यायची. तिची मुलगी हेमाली तीन वर्षांपूर्वी कुंभवलीच्या एका कारखान्यात कामाला म्हणून निघाली, ती परत आलीच नाही. कुणी म्हणालं पळून गेली, कुणी आणखी काहीबाही. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

निमेशच्या आईनं एकदा बाजारात कौतुकानं सांगितलं, आमचा मुलगा देशभरचे कॅमेरे सांभाळतो. झालं! दुसऱ्याच दिवशी नलू दारात.

"मावशी, मी कॅमेऱ्यात बघत नाही," त्यानं तेव्हा समजावलं होतं. "व्हिडिओ साठवणारे सर्व्हर बंद पडू नयेत, एवढंच माझं काम. व्हिडिओ कुलपात असतात."

"कुलपाची चावी तुज्याकडेच ना?"

ती येतच राहिली. एका शुक्रवारी त्याची मीटिंग चालू होती, साहेब कानात खेकसत होता आणि ही खिडकीतून विचारत होती. पिच्छा सुटावा म्हणून तो बोलून गेला, "हो, दिसली. बरी आहे."

नलूनं टोपली उचलली. जाताना मूठभर सोडे ठेवून गेली. ते सोडे निमेशच्या घशाखाली उतरेनात.

तिथून खोट्याला पाय फुटले. हेमाली वापीला कपड्यांच्या दुकानात लागली. अंगानं भरली. तिनं केस कापले, तेव्हा तर मावशी रागावलीसुद्धा. "कमरेपर्यंत केस होते मेलीचे!"

आठ महिने हे चाललं होतं. नलूनं कधी स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं नाही, मला तिथे घेऊन चल असंही कधी म्हटलं नाही. म्हाताऱ्या बाईला त्यातलं काय कळतंय, असं निमेश धरून चालला होता. लाज मात्र त्याला रोज वाटायची. एका आईला आपण आशेवर झुलवतोय, याहून नीच काम कोणतं?

"गप का? आजारी हाय का ती?" नलूनं विचारलं.

साडेचार झाले होते. पुढच्या शुक्रवारीही एखादी थाप मारता आली असती. पण त्याच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि बाहेर येऊन तो तिच्यासमोर बसला.

"मावशी, मला चपलेनं मार. मी हेमालीला कधीच पाहिलं नाही. एकदाही नाही. सगळं मनानं रचून सांगितलं. तू पोलिसांकडे जा, पुन्हा शोध घ्यायला सांग. माझ्या नादानं तुझे आठ महिने फुकट गेले गं."

बोलता बोलता त्याला रडूच कोसळलं.

नलूनं त्याला रडू दिलं. टोपलीवरचं फडकं झटकलं, त्याची घडी घातली.

"पोलिसांकडे नाय जायाचं," ती म्हणाली. "ती गेली त्याच महिन्यात वैतरणेच्या खाडीत एक पोर गावली. मला वळखायला नेली होती. मी बघितली, नि सांगितलं, ही माजी नाय. मग त्यांनी बेवारस म्हणून जाळली."

नलूनं फडक्याची घडी टोपलीत ठेवली.

"तीच होती रे."