टॉवेल उतरेपर्यंत

बयूमीने उस्तादांच्या दाढीवर गरम टॉवेल गुंडाळला, नाकापुरती फट ठेवली आणि हात पुसता पुसता सवयीने खुंटीवरचा ऊद, त्याचं जुनं तंतुवाद्य, खाली काढला. काढल्यावर त्याला कळलं, आपण काय करून बसलो ते.

एरवी हे रोजचंच होतं. दाढी मऊ व्हायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात बयूमी थोडं वाजवून घेई. गिऱ्हाईक कधी 'अल्लाह!' म्हणून दाद देई, कधी जांभई. पण आज खुर्चीत वजीह अल-बिर्मावी होते! पाच वर्षांनी उस्ताद पुन्हा गाणार, तेही आज संध्याकाळी, इथेच तंता शहरात, म्हणून गावभर पोस्टरं लागली होती. मघाशी दाराशी गाडी थांबली, ड्रायव्हर सब्रीने दार धरलं, आणि तेच उस्ताद आत येऊन "दाढी" एवढंच बोलून बसले.

"ठेव ते खाली," कोपऱ्यातून हाजी मितवल्ली पुटपुटले. "तुझ्या हाताला कात्रीच शोभते."

बावीस वर्षं हाजी हेच ऐकवत आले होते. उस्तादांची एकही मैफल न चुकवलेला माणूस, पण बयूमीला कधी एक 'अल्लाह' दिला नव्हता. बायको म्हणे, छान वाजवता हो. पण तिचं काय, तिला त्याची शिट्टीही छानच वाटे. बयूमीला एकदा, फक्त एकदा, जाणकाराच्या तोंडून ऐकायचं होतं, की आपल्याला हे येतं का नाही.

तो वाजवू लागला.

सलूनमध्ये चार माणसं होती आणि चौघंही गप्प. उस्तादांच्या आधी दाद देणार कोण? सगळे टॉवेलकडे बघत राहिले. टॉवेल हूं की चूं करीना. बयूमीने सूर बदलला, खालच्या तारांवर उतरला, पुन्हा वर चढला. असं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं. हाजींच्या हातातली जपमाळ थांबली. अरे मेल्या टॉवेला, बोल की काहीतरी, बयूमी मनात म्हणाला.

तेव्हा टॉवेलमधून आवाज आला. घुर्र.

बयूमीचा हात जागच्या जागी थिजला. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढच्या रांगेत एका मंत्र्याला डुलकी लागली म्हणून हेच उस्ताद भर मैफलीतून उठून गेले होते. सबंध देशाला ते ठाऊक होतं.

ऊद थांबताच टॉवेल हलला. सब्री दारातून धावत आला.

"थांबू नकोस बाबा, तुझ्या लेकरांची शपथ आहे!" तो बयूमीच्या कानाशी कुजबुजला. "आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. रात्रभर म्हणतात, मी विसरलोय, मला गाता येणार नाही."

"अरे, पण छान वाटलं म्हणून झोपले, का कंटाळून झोपले?"

"मला काय विचारतोस? मी गाडी चालवतो. तू वाजव!"

बयूमी तासभर वाजवत राहिला. टॉवेल कधीच गार झाला, बोटं हुळहुळली, चहावाला येऊन दारातूनच परत गेला. आपला मान झाला की अपमान, हे काही त्याला ठरवता येईना.

अखेर उस्ताद जागे झाले ते सब्रीच्या खोकल्याने. तोवर ऊद खुंटीवर गेला होता. दाढी होईपर्यंत ते गुणगुणत होते. तोंडावर तजेला आला होता, आवाज मोकळा लागत होता. मग आरशात त्यांना खुंटी दिसली.

"ऊद तुझा का रे?"

"हो, उस्ताद."

"मग वाजवायचास ना मघाशी! पाच मिनिटं नुसता रिकामा बसलो होतो मी."

सगळं बयूमीच्या जिभेच्या टोकावर आलं. पाच मिनिटं कसली, तास झाला, उस्ताद! एकदा सांगितलं असतं तर त्यांनी आत्ताच्या आत्ता ऐकून निकाल दिला असता. पण उस्तादांच्या मागे सब्री तोंडावर हात दाबून उभा होता. आपणच कुणाच्या तरी वाजवण्यात घोरलो, हे कळल्यावर हा माणूस आज मंचावर पाय ठेवील?

"त्याची तार तुटलीय, उस्ताद," बयूमी म्हणाला. "बरेच दिवस झाले."

"बदलून घे. वाद्य असं टांगून ठेवू नये."

गाडी गेली. बयूमी वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला.

हाजी उठले. खुंटीपाशी जाऊन त्यांनी उदाकडे निरखून पाहिलं. अकराच्या अकरा तारा शाबूत होत्या. त्यांनी डोळे मिटले, मैफलीत मिटतात तसे, आणि छातीवर हात ठेवला.

"अल्लाह!" ते म्हणाले. "अल्लाह, रे बयूमी!"

"हे कशाला म्हणालात, हाजी?" बयूमीने विचारलं. "वाजवण्याला, का...?"

हाजींनी पायात चपला सरकवल्या.

"उद्या येतो," ते म्हणाले. "तोवर ती तुटलेली तार बदलून ठेव."