यादीबाहेरचा आवाज

"आमच्या यादीत नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम आमच्या सर्व्हरवर चालवता येत नाही, सर," तिने पडद्यावरचं वाक्य वाचलं आणि टेबलाखाली पायाने पाळण्याला झोका दिला.

"हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय, बाई."

पलीकडे अंध मुलांच्या शाळेतले गुरुजी होते. त्यांच्या मागे एक आवाज मुलांना गोष्ट वाचून दाखवत होता. सपाट, नाकातला, यंत्राचा आवाज. तो शाळेने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरून यायचा आणि एकाच म्हाताऱ्या सिस्टीमवर चालायचा. तीच सिस्टीम कंपनीने यादीतून काढली होती. दुरुस्ती न होणारी सिस्टीम म्हणजे मोडक्या कडीचं दार, चोर एका घरात शिरला की सगळी बिल्डिंग धोक्यात, असंही एक वाक्य तिला वाचावं लागायचं. तिने तेही वाचलं.

"आला चोर तर त्यालाही गोष्ट ऐकायला बसवू," गुरुजी म्हणाले. "नवा आवाज आणून बघितला हो आम्ही. गोड, मधात घोळलेला. मुलं म्हणाली, सर, ही बाई मनापासून वाचत नाही."

तिला हसू फुटलं. ते तिने ओठांतच दाबलं. हसण्याचंही रेकॉर्डिंग होतं.

मुदत सकाळीच संपली होती. 'बंद करा' हे लाल बटण तिच्यासमोर होतं, आणि ते दाबलं की आतलं सगळं पुसलं जाणार होतं. शाळेचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी येऊन तो आवाज काढून नेणार होता. तोवर वेळ काढायचा. वेळ काढायला कंपनीनेच एक फट ठेवली होती: ग्राहकाला नियम समजेपर्यंत सर्व्हर बंद करायचा नाही.

"नियम समजला नसेल तर विचारा, सर. काही शंका?" 'नसेल'वर तिने जरा जोर दिला.

गुरुजींनी तो जोर ओळखला. मग म्हणाले, "शंका? ढीगभर! आमचं डोकं म्हणजे पालथा घडा. पहिल्यापासून सांगा."

ती पहिल्यापासून सांगू लागली. तेवढ्यात पाळण्यात ठमी जागी झाली.

कंपनीच्या यादीत घरातल्या बाळांनाही जागा नव्हती. घरून काम करायचं तर खोलीत दुसरा आवाज नको. दोनदा ताकीद मिळाली होती, तिसऱ्यांदा घरी बसायचं. म्हणजे घरी ती होतीच, पण बिनपगारी. ठमीला सांभाळते म्हणालेल्या शेजारच्या काकूंना आज नेमका गुडघ्याने दगा दिला होता.

तिने किल्ल्यांचा जुडगा ठमीच्या हातात दिला. ठमीने तो चाखून पाहिला, पसंत पडला नाही, फेकून दिला. मग खालचा ओठ बाहेर आला. तो ओठ ती चांगला ओळखत होती.

ठमीने भोकाड पसरलं.

कानात टक् झालं. कॉल मधूनच ऐकणाऱ्या वरिष्ठ मॅडम लाइनवर आल्या होत्या.

"हे लहान मूल कुणाकडे रडतंय?"

उचलावं तर रडणं थेट माइकपाशी, न उचलावं तर ठमी थांबायची नाही. झोका देणारा पाय जागच्या जागी थिजला.

"आमच्याकडे," गुरुजी म्हणाले. "स्वयंपाकाच्या बाईंचं बाळ आहे. भूक लागली की सगळी शाळा डोक्यावर घेतं."

मॅडम म्हणाल्या, "असं होय. सर, तुम्हाला नियम समजला का?"

"नाही ना. हेच तर मघापासून चाललंय. वय झालं, डोक्यात शिरत नाही काही."

"मग आमच्याच समजावण्यात कुठेतरी चुकलंय. मी असं करते, कॉलचं रेकॉर्डिंग काढून ऐकते. दोन्हीकडचा आवाज वेगवेगळा नोंदलेला असतो, त्यामुळे सगळं कळेल."

ठमीचं रडणं तेवढं चालू होतं. तिच्याच बाजूला नोंदलं जात होतं.

गुरुजींनी घसा खाकरला.

"नको, नको. कशाला उगाच त्रास घेता? समजला मला नियम. या बाईंनी छान समजावला."

"नक्की?"

"अगदी नक्की. एवढा काही मी ढ नाही."

"मग रेकॉर्डिंग राहू दे," मॅडम म्हणाल्या. "बंद करा सर्व्हर. मी आहे लाइनवर."

"मॅडम, संध्याकाळपर्यंत जर..." ती बोलून गेली.

"संध्याकाळपर्यंत काय?"

पाळण्याच्या कठड्यातून ठमीने हात बाहेर काढला होता. मूठ उघडत होती, मिटत होती.

"काही नाही, मॅडम."

तिने बटण दाबलं. पडद्याने विचारलं, नक्की बंद करायचं? तिने पुन्हा दाबलं.

पलीकडे गोष्ट आपली चाललीच होती. "म्हातारीने कडी काढली, दार उघडलं, आणि पाहते तर दारात..."

आवाज तिथेच तुटला.

मग लांबून एक बारीक आवाज आला, "सर, दारात कोण होतं?"

"शेवटचं वाक्य राहिलं," मॅडमनी आठवण करून दिली.

तिने ते वाचलं. "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का, सर?"

"नको," गुरुजी म्हणाले. आणि मग, पाठीमागे कुणाला तरी सांगावं तसं, पण फोनवर नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने: "अहो, कुणीतरी आता त्या बाळाला उचला."