मधली शिवलीला

हदगावच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन. नववीतल्या शिवलीलाला नेटवर्क समजावून सांगायचं होतं आणि निवड झाली तर जिल्ह्याच्या प्रदर्शनाला थेट नांदेड गाठायचं होतं. संगणक एका रांगेत जोडता येतात, गोल कड्यासारखेही जोडता येतात. पण तिनं चांदणीसारखी जोडणी निवडली, कारण त्यात मधोमध निरोप इकडून तिकडे पोचवणारा एक स्विच असतो आणि मधोमध उभं राहायला तिला लई आवडायचं. दुर्गा, पूनम आणि आणखी दोघी मैत्रिणी झाल्या संगणक, ही झाली स्विच, त्यांच्या दोऱ्या हिच्या कमरेला. "निरोप एकमेकींनाच द्यायचे, तेही माझ्यामार्फत. माझ्याशी गप्पा मारायच्या न्हाईत, कळलं का गं?" असा तिनं आधीच दम भरला होता.

परीक्षक सर आले. दुर्गानं घाईघाईनं तिच्या कानात पूनमसाठी काहीतरी सांगितलं. शिवलीलानं नजर सरांवरच ठेवून ते जसंच्या तसं पूनमच्या कानात ओतलं. "बघा सर, स्विच निरोपात नाक खुपसत न्हाई, नुसता पोचवतो!" असं म्हणत, पूनम तोंड उघडायच्या आत, ती ऐटीत गर्रकन वळली आणि चारही संगणकांना घेऊन धाडकन आपटली.

सरांनी पूनमला विचारलं, "काय निरोप होता गं?"

"सर, शिवलीलाचा पाय दोरीत अडकलाय, वळली की पडंल."

"निरोप तर अचूक पोचला," सर हसू दाबत म्हणाले. "नांदेडला या पोरींनो. फक्त येताना स्विच दुसरा आणा."