कुंकू तेवढं राहतं

वडवणीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीत तिथले मास्तर सुंदररावांनी एक रिकामी खुर्ची ठेवली, खाली पाटी लावली, ‘विजयमाला’, आणि कलाकृती पूर्ण झाली म्हणून हात झटकले. विजयमाला त्यांची बायको. जाऊन वर्ष झालं होतं. फोटो नाही, हार नाही. जी नाही, ती नाहीच दिसली पाहिजे, एवढीच कल्पना.

मुलीला, तेजश्रीला, हे अपुरं वाटलं. ती पुण्याहून कॅमेऱ्याची आणि कॉम्प्युटरची कला शिकून आलेली. तिनं खुर्चीसमोर कॅमेरा लावला आणि भिंतीवर पडदा. समोर येईल त्या माणसाला कॉम्प्युटर पडद्यावरून पुसून टाकी. खोलीत जत्रा भरली तरी पडद्यावर खोली ओसाड.

“कल्पना तुमचीच आहे, नाना. मी फक्त तिला वीज जोडली.”

“कल्पनेला बटन लागत न्हाई,” सुंदरराव म्हणाले. “आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. सांजच्याला वायर काढायची. माझी खुर्ची रिकामीच बरी.”

नुसत्या प्रदर्शनाला वडवणीत कोण येतं? म्हणून तेजश्रीनं चैत्राचं हळदी-कुंकू ठेवलं. मग बायकांनी खोली भरली.

“सर, खुर्ची मोडकी हाय का? कुणी कावून बसत न्हाई?” एकीनं विचारलं.

पडद्यावर मात्र एकही बाई नव्हती. नुसती लाल कुंकवं हवेत हिंडत होती. दोन जवळ यायची, हसल्यासारखी हलायची, लांब जायची.

“एक दोष राहिलाय,” तेजश्री ओशाळली. “माणूस पुसतं, पण कपाळावरचं कुंकू काही केल्या पुसत नाही.”

विजयमालेच्या शेजारच्या छबुबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या. त्यांनी पाटी वाचली, करंड्यात बोट बुडवलं आणि खुर्चीत बसलेल्या बाईचं कपाळ जिथं आलं असतं, तिथं हवेत टेकवलं.

“काकू, तिथं कुणी नाही.”

“न्हाई कसं? पाटी काय खोटी हाय? अहेव गेली माझी बाई. आलेल्या बाईला बिनकुंकवाचं धाडतेत व्हय?”

सुंदरराव लई खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी त्यांची कला कळली होती.

दिवेलागणीला बायका पांगल्या. खोलीत बापलेकच उरले. तेजश्री टिकली लावत नसे. सुंदररावांचा तर प्रश्नच नव्हता. वायर उपटायला वाकता वाकता त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

ओसाड खोली. रिकामी खुर्ची. खुर्चीच्या वर, बसत्या कपाळाच्या उंचीला, एक कुंकू.

ते खुर्चीपाशी गेले. बैठकीवरून बोट फिरवून पाहिलं. लाकूड कोरं, कुंकवाचा कण नाही. मग त्यांनी खुर्चीच्या वर हवेत हात नेला.

“नाना,” पडद्याकडे बघत तेजश्री हळू आवाजात म्हणाली, “हात काढा. ते मागं सरकलं.”

त्यांनी हात काढला. कुंकू पुन्हा जागेवर आलं. वर छताचा पंखा गरगरत होता. कुंकू एकदा थरथरलं.

“वायर काढू का मी?” तेजश्रीनं विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” सुंदरराव म्हणाले. “पंखा तेवढा बंद कर. तिला वारं सोसत न्हाई.”