हुंकार

कोर्टातल्या संगणकाच्या पडद्यातला वकील इतक्या अदबीनं बोलत होता, की राहीबाईंना भरून आलं. माणूस वकील परवडत नाही त्यांना सरकार हाच फुकट देई. तो खेकसत नव्हता, की कंटाळत नव्हता.

"आजी, तुमच्यावरचा आरोप वाचतो," तो म्हणाला. "त्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच कामाला होतात."

"व्हय बाबा."

"वसतिगृहाच्या मॅडमची सोन्याची पोत ओट्यावर होती."

"व्हय."

"ती तुम्ही उचललीत."

"व्हय, व्हय. बोल तू."

राहीबाईंच्या गावात समोरचा बोलत असताना गप्प बसणं म्हणजे त्याचा अपमान. हुंकार दिल्याशिवाय तिथे कुणी साधी गोष्टही सांगत नसे. याचं सांगून होऊ दे, मग आपण आपलं सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. ती पोत त्यांनी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

पडदा हिरवा झाला आणि शेजारच्या यंत्रातून निकाल छापून बाहेर आला. कारकुनानं तो वाचला. "आजी, गुन्हा कबूल केलात तुम्ही. तीन वर्षांची शिक्षा झाली."

"कबूल? अरं, मी नुस्ती ऐकत हुते!"

"त्याला ते कळत नाही हो," कारकून मान खाली घालून म्हणाला.

"आजी," वकिलानं मायेनं विचारलं, "या शिक्षेविरुद्ध तुमचं काही म्हणणं आहे?"

आता तोंडातून एक शब्द जाऊ द्यायचा नाही, म्हणून राहीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

वकील थोडा वेळ थांबला. मग त्यानं तितक्याच अदबीनं नोंद केली : काही म्हणणं नाही.