आल्या वाटेने परतू नये

"बोट लागते म्हणतात, ती कितपत लागते?" कुसाबाईंनी विचारलं, आणि निकिताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

गंगापूर रोडवरच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात एसी होता, भिंतीवर निळाशार समुद्र होता आणि टेबलापलीकडे तृप्ती नावाची गोड बोलणारी मुलगी होती. टेबलाच्या अलीकडे अख्खं चांदवड बसलं होतं. निकिताचे वडील नाथाअण्णा पांढऱ्या टोपीत, आई कुसाबाई मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरून, आणि मध्ये निकिता नि ललित, अंग चोरून. हनिमूनची बोट निवडायला आईबापांना घेऊन येणारं जोडपं तृप्तीने तरी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

पण नाही कसं म्हणणार? बोटीची सफर ही अण्णांचीच भेट होती. ललित पेठकडच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरचा, निकिता चांदवडच्या कांदेवाल्या बागायतदारांची. दोघांनी कोर्टात लग्न केलं तेव्हा अण्णांनी गावभर सांगून टाकलं, आमची पोरगी मेली. तिचा भाऊ रोहित ललितच्या कंपनीच्या गेटवर येऊन त्याला बघून गेला. मग वर्षभर सगळं चिडीचूप. आणि दिवाळीनंतर अचानक अण्णांचा फोन आला, "झालं गेलं गंगेला मिळालं, पोरी." निकिता हमसून हमसून रडली होती. माहेर परत मिळावं, याखेरीज तिचं देवाकडे दुसरं मागणं नव्हतं.

तृप्तीने दोन कंपन्या समोर ठेवल्या. एकीची बोट मुंबईहून निघून, गोवा दाखवून परत मुंबईला. दुसरीची मुंबईहूनच निघून लक्षद्वीपवरून कोचीला, आणि तिथेच उतरायचं.

"पहिल्यांदाच बोटीने जाताय, तर मुंबईवाली बरी," तृप्ती म्हणाली. "सफर छोटी, बोट लागायची भीती कमी."

"तीच करा," अण्णा म्हणाले. "पोरं उतरली की रोहित गाडी घेऊन धक्क्यावर उभा. तिथनं थेट मळ्यात. कार्य तिथंच करू. जावईबापूंचा मानपान राहिलाय माझ्याकडून."

जावईबापू! ललितचे कान लाल झाले. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला.

"हां, बोल. जेसीबी पोरं आली की दुसऱ्या दिवशी लागंल. येळेवर आण, मागनं कारणं नको सांगू." फोन ठेवून ते ललितकडे वळले. "मळ्यातली जुनी विहीर बुजवायची हाय. उद्या नातवंडं खेळतील तिथं. उघडी नको."

निकिताचे डोळे भरून आले. तिने टेबलाखाली ललितचा हात दाबला. बापाच्या तोंडून नातवंडं हा शब्द ऐकायला मिळेल असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

"मला दुसरी बोट बरी वाटती," कुसाबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतं गं बोटीतलं?"

"बोटीतलं नाय कळत. रीत कळती. नव्या नवरानवरीनं पाण्यावरनं आल्या वाटेनं परतू नये. माझ्या माहेरची रीत हाय."

ही रीत निकिताने जन्मात ऐकली नव्हती. कुसाबाईंचं माहेर नांदगावकडचं. तिथे समुद्र सोडा, उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची मारामार. पण आईच्या रीतींना अंत कुठे होता? शाळेला निघताना निकिता चुकून 'जाते' म्हणाली, की तिला उंबऱ्यातून मागे ओढून 'येते' म्हणायला लावणारी ही बाई. 'जाते' म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही म्हणे.

अण्णांचा चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला, गड्यावर ओरडण्याआधी व्हायचा तसा. पण जावई शेजारी बसलेला. आणि तोच म्हणाला, "मामींची रीत आहे तर राहू द्या ना, मामा. आम्हाला काय, समुद्र तोच."

"बरं बाई," अण्णा हसले. "बायकांच्या रीतीत आपण कशाला पडा? कोचीहून विमानाचं तिकीट मी काढतो. रोहित विमानतळावर येईल. मग तर झालं?"

"झालं," कुसाबाई म्हणाल्या.

बुकिंग आटोपलं. ललित खाली स्कूटर काढायला गेला. अण्णा फोन कानाला लावून बाहेरच्या गॅलरीत उभे राहिले. कुसाबाईंनी पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले आणि तिथेच, त्या भिंतीवरच्या समुद्राखाली, लेकीची ओटी भरली.

"आई, इथे कशाला? कार्याच्या दिवशी भरशीलच की," निकिता ओशाळून म्हणाली. रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे माहेरासाठी परत टाकायला तिने हात पुढे केला. कुसाबाईंनी पिशवीचं तोंड आवळून धरलं.

"राहू दे. सगळे घेऊन जा."

"बरं. स्वयंपाकाला झुंबरबाईच येणार ना? गावात कुणाचंच कार्य तिच्याशिवाय होत नाही. ललितला तिच्या हातचं खाऊ घालायचंय मला."

"झुंबरबाईला सांगावा धाडला नाय." कुसाबाईंची नजर गॅलरीच्या काचेवर होती. "भावकीत कुणालाच आवतण नाय. मांडव बी नाय."

"मग?"

"निस्ता जेसीबी सांगितलाय."

निकिताला धड काही उमगलं नाही. आईचं हे नेहमीचंच, अर्धं तोंडात नि अर्धं पोटात. खाली ललितने हॉर्न वाजवला. ओटी सावरत ती उठली, आईच्या पाया पडली.

"येते, आई."

कुसाबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"येते नको. जाते म्हण."